निपाणीचे बारा, पोलंडचे नऊ : १९८१ सालचे स्मरण



नोव्हेंबर महिना आपण मृतात्म्यांना वाहिलेला आहे. या महिन्यात दफनभूमीतील क्रुसांना चुना लागतो, थडग्यांवर फुले आणि मेणबत्त्या दिसू लागतात, आणि मिस्साबलीच्या वेळी गतवर्षी देवाघरी गेलेल्यांची नावे एकामागून एक वाचली जातात. त्या यादीत पाटील असो वा गडी, मास्तर असो वा मोलकरीण, प्रत्येकाच्या वाट्याला एकच ओळ येते. धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीचा हा मोठा गुण आहे. वर्तमानपत्रांची रीत निराळी. वर्ष सरत आले म्हणजे ती ‘सरत्या वर्षातील ठळक घटना’ आणि ‘वर्षभरात दिवंगत झालेल्या थोर व्यक्ती’ असे दोन रकाने छापतात. त्या रकान्यांत राजे, मंत्री, नट आणि खेळाडू यांना मानाची जागा असते. ज्याच्या मरणाने केवळ एका घरातील चूल विझली, त्याला तेथे ठाव नसतो.

आज या सदरात एका जुन्या वर्षाची यादी आपण आपल्या रीतीने वाचू. वर्ष १९८१. स्थळे दोन : एक आपल्या दारचे निपाणी, दुसरे सातासमुद्रापलीकडचे पोलंड. या दोन ठिकाणांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. निपाणीच्या शेतकऱ्याला पोलंड नकाशावर दाखविता आले नसते, आणि पोलंडच्या शेतकऱ्याने निपाणीचे नाव जन्मात ऐकले नसेल. तरी त्या वर्षी, त्याच महिन्यांत, दोन्हीकडचा कुणबी एकच गोष्ट मागत होता : आम्हांला माणूस म्हणून मोजा, आमचे म्हणणे ऐका आणि आमच्या घामाचे मोल आम्हांला विचारल्यावाचून ठरवू नका. दोन्हीकडे ते वर्ष संपण्यापूर्वी राज्यसत्तेच्या बंदुकीतून गोळ्या सुटल्या. आणि त्याच वर्षी रोमहून साऱ्या जगाला उद्देशून श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी एक पत्र निघाले.

प्रथम आपल्या दारचे पाहू. निपाणी हे पुणे-बंगळूर महामार्गावर, कोल्हापूर आणि बेळगाव यांच्या दरम्यान वसलेले बाजारपेठेचे गाव. १९८१ साली ते बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात मोडत असे. आसमंतातील काळ्या जमिनीत बिडीच्या तंबाखूचे पीक फार दिवसांपासून चांगले येते, आणि त्या तंबाखूच्या वखारींवरच निपाणीची श्रीमंती उभी राहिली. हे पीक म्हणजे नुसते पेरून घरी स्वस्थ बसण्याचे काम नव्हे. रोपे तयार करावयाची, पाऊस पाहून लावणी करावयाची, शेंडे खुडावयाचे, फुटवे मोडावयाचे, थंडीत पीक कापावयाचे, रानातच उन्हात वाळवावयाचे, पाने उलथीपालथी करावयाची, आणि मग मोठमोठ्या बोदांत भरून वखारीकडे न्यावयाचे. घरातील लहानथोर सर्वांचे हात महिनोन्‌महिने या कामी लागलेले असतात.

एवढे कष्ट करून भाव कोण ठरवीत असे? शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे हेच होते की, भाव ठरविणे व्यापाऱ्याच्या हाती, वजन करणे त्याच्याच हाती, आणि पैसे केव्हा द्यावयाचे हेही त्याच्याच मर्जीवर. माल आधी उचलला जावयाचा. पैसे मागाहून, तेही हप्त्याहप्त्याने. मधल्या काळात मुलीचे लग्न निघाले, कोणी आजारी पडले, की त्याच व्यापाऱ्याच्या ओटीवर उसनवारीसाठी जावे लागे. आपल्याच पैशासाठी माणसाने आपणच कर्जदार व्हावे, असा हा उलटा हिशेब होता.

वखारीच्या आतील जग याहून बिकट होते. तेथे तंबाखू कुटणे, चाळणे आणि निवडणे हे काम मुख्यतः बायका करीत. तंबाखूचा खकाणा दिवसभर नाकातोंडात जाऊन ठसका लागे, डोळे चुरचुरत, डोके गरगरे. आणि हातावर पडणारी मजुरी बेताची. या स्त्रिया त्या वर्षांत संघटित होऊ लागल्या होत्या, आणि निपाणीतील प्राध्यापक सुभाष जोशी यांनी त्यांच्या संघटनेस पुष्कळ हातभार लावला. दीपा धनराज यांनी या स्त्रियांवर केलेला माहितीपट १९८२ साली निघाला. तो पाहणाऱ्याला कळते की, ज्यांना आपण ‘अडाणी बायका’ म्हणून बाजूला सारतो, त्या आपली दुःखे किती नेमक्या शब्दांत मांडू शकतात.

याच सुमारास महाराष्ट्रात शरद जोशी यांचे नाव गाजू लागले होते. जन्म १९३५ चा, साताऱ्याचा. भारतीय टपाल खात्यातील अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगाराची नोकरी. ती सोडून ते मायदेशी परतले, पुणे जिल्ह्यात चाकणजवळ कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून पाहिली. कष्ट करूनही शेती तोट्यात का जाते, हा प्रश्न त्यांनी पुस्तकांऐवजी मातीला विचारला. त्यांचे उत्तर एका वाक्यात मावणारे होते : शेतमालाला उत्पादनखर्चावर आधारलेला रास्त भाव मिळाला पाहिजे; भीक नको, घामाचे दाम हवे. १९८० च्या अखेरीस नाशिक भागात कांदा आणि ऊस यांसाठी त्यांच्या शेतकरी संघटनेने रस्ते अडविले होते. इकडे कर्नाटकातही वातावरण तापलेले होते. जुलै १९८० मध्ये धारवाड जिल्ह्यातील नरगुंद-नवलगुंद भागात शेतकऱ्यांचा उद्रेक होऊन गोळीबार झाला होता. निपाणीची ठिणगी कोरड्या गवतातच पडली म्हणावयाची.

१४ मार्च १९८१ रोजी, शनिवारी, हजारो तंबाखू-शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर येऊन बसले. ख्रिस्तसभेच्या पंचांगात तो उपवासकाळ होता. राखेचा बुधवार होऊन दहा दिवस लोटले होते. रस्त्याच्या कडेला बैलगाड्या सुटल्या, चुली पेटल्या, भाकऱ्या भाजल्या जाऊ लागल्या, आणि पाहता पाहता तेथे एक गावच वसले. लोकांनी त्याला ‘आंदोलननगर’ असे नाव दिले. मराठी बोलणारे आणि कानडी बोलणारे, निरनिराळ्या जातींचे आणि गावांचे शेतकरी तेथे एका पंगतीला बसले. ही गोष्ट सीमाभागात लहान नव्हे. भाषेच्या प्रश्नावरून याच भागाने जानेवारी १९५६ मध्ये गोळीबार सोसला आहे. त्यात बेळगावात बळी पडलेल्यांसह निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचेही स्मरण दर वर्षी १७ जानेवारीला केले जाते. ज्या भूमीत भाषेने माणसे दोन तटांत वाटली, त्याच भूमीत पंचवीस वर्षांनी घामाने त्यांना एकत्र आणले. घामाला मराठी किंवा कानडी अशी जात नसते.

तेवीस दिवस हा मुक्काम चालला. महामार्ग अडून राहिला की मालमोटारी खोळंबतात, प्रवाशांचे हाल होतात, औषधपाणी अडते, आणि राज्य चालविणाऱ्याला रस्ता मोकळा करावा लागतो, हे न्यायबुद्धीने मान्य केलेच पाहिजे. कर्नाटकात तेव्हा आर. गुंडुराव मुख्यमंत्री होते. परंतु रस्ता मोकळा करण्याचे मार्ग अनेक असतात, आणि त्यांपैकी पहिला मार्ग माणसाशी बोलण्याचा असतो. ६ एप्रिलला, सोमवारी, शरद जोशी यांना अटक झाली, जमाव हटविण्यासाठी पोलीस पुढे सरसावले, आणि गोळीबार झाला. बारा शेतकरी मरण पावले.

तो उपवासकाळाचा पाचवा आठवडा होता. पुढच्या रविवारी आपल्या देवळांत झावळ्या वाटल्या गेल्या. दोन आठवड्यांच्या आत पुनरुत्थानाचा सण आला. त्या वर्षी निपाणीच्या परिसरातील बारा घरांत मात्र पाडव्याचा गोडवा आणि यात्रेचा गुलाल कोठला? आपल्या वर्षयादीत या बारांची ओळ सर्वांत आधी लिहिली पाहिजे. ते आपल्या धर्माचे होते किंवा नव्हते, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. जखमी वाटसरूची जात न विचारता त्याला उचलून घेणाऱ्या शोमरोनी माणसाचा दाखला प्रभूने आपणास दिला आहे, आणि तो दाखलाही एका रस्त्याच्या कडेलाच घडलेला आहे.

आता पोलंडकडे वळू. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवट आली, तरी एक गोष्ट त्या राजवटीला साधली नाही : बहुतांश शेती खासगी शेतकऱ्यांच्या हातीच राहिली. लहान लहान तुकड्यांचे मालक, जुनी अवजारे, आणि घरात लटकलेले ‘काळ्या माते’चे चित्र, म्हणजे चेंस्तोहोवाच्या पवित्र मरियेची प्रतिमा, असे तेथील शेतकऱ्याचे घर. माल सरकारने ठरविलेल्या दराने सरकारलाच विकावयाचा. खत, यंत्र, बियाणे यांसाठी सरकारचेच दार ठोठावयाचे. निपाणीत व्यापारी, तेथे सरकार. देणारा हात निराळा, परंतु घेणाऱ्याचे दैन्य तेच.

१९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्क बंदरातील कामगारांनी संप करून स्वतंत्र संघटना काढण्याचा हक्क मिळविला. लेक वालेसा नावाचा वीजतंत्री तिचा नेता. संघटनेचे नाव ‘सॉलिडॅरिटी’, म्हणजे एकजूट. थोड्याच महिन्यांत तिचे सभासद एक कोटीच्या घरात गेले. कारखान्यांतील कामगारांना जे मिळाले, ते आम्हांलाही द्या, असे शेतकरी म्हणू लागले. परंतु शेतकरी हा स्वतःचा मालक आहे, त्याला कामगारसंघटना कशाला, असे सरकारचे उत्तर असे. १९ मार्च १९८१ रोजी बिदगोश्च या शहरात, प्रांतिक मंडळाच्या बैठकीच्या जागी, शेतकऱ्यांच्या संघटनेची बाजू मांडण्यासाठी आलेल्या सॉलिडॅरिटीच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारझोड करून बाहेर काढले. वाचकहो, १९ मार्च हा कोणाचा सण? नाझरेथच्या सुताराचा, संत योसेफाचा! त्या दिवशी निपाणीच्या रस्त्यावरील मुक्कामाला सहावा दिवस चालू होता.

साऱ्या पोलंडमध्ये संतापाची लाट उसळली. २७ मार्चला चार तासांचा देशव्यापी इशारा-संप झाला. यंत्रे थांबली, कारखान्यांच्या फाटकांवर राष्ट्रध्वज लागले. पुढे बेमुदत संपाची वेळ येऊन ठेपली असता दोन्ही बाजू बोलणीस बसल्या आणि रक्तपात टळला. या काळात वॉर्साचे वृद्ध कार्डिनल स्टेफान विशिन्स्की यांनी शेतकऱ्यांच्या संघटनेस उघड पाठिंबा दिला, आणि त्याच वेळी संपकऱ्यांनाही संयमाचा सल्ला दिला. १७ एप्रिलला बिदगोश्च येथे करार होऊन शेतकऱ्यांच्या संघटनेस मान्यता देण्याचे सरकारने कबूल केले. तो दिवस शुभ शुक्रवारचा होता. १२ मे रोजी ‘ग्रामीण सॉलिडॅरिटी’ची रीतसर नोंदणी झाली.

येथे क्षणभर थांबून दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा. मार्चमध्ये दोन्हीकडे शेतकरी उठले. एप्रिलमध्ये एकीकडे गोळीबार झाला, दुसरीकडे करार झाला. लोकशाही आमच्या देशात होती, हुकूमशाही त्यांच्या. तरी त्या एका वसंत ऋतूत बोलणी त्यांच्याकडे झाली आणि गोळी आमच्याकडे सुटली. हे वाचून कोणी पोलंडच्या राजवटीची स्तुती करू लागेल तर त्याने डिसेंबरपर्यंत धीर धरावा. सांगावयाचे ते इतकेच की, राज्यपद्धती चांगली असली म्हणून राज्यकर्त्याच्या हातून अन्याय घडत नाही असे नव्हे. माणसाचे ऐकून घेण्याची सवय ही कायद्याच्या पुस्तकात आपोआप येत नाही. ती रोज जोपासावी लागते, घरात, पंचायतीत आणि मंत्रालयातही.

नोंदणीच्या दुसऱ्याच दिवशी, १३ मे १९८१ रोजी, साऱ्या ख्रिस्ती जगाचे काळीज थरकले. रोम येथे संत पेत्राच्या चौकात भाविकांच्या गर्दीतून फिरत असता परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांच्यावर महमद अली आग्जा नावाच्या तुर्की तरुणाने गोळ्या झाडल्या. तो फातिमामातेचा दिवस होता. आपल्या बेळगाव धर्मप्रांताचे मुख्य मंदिर त्याच फातिमामातेच्या नावाने उभे आहे, हे वाचकांना सांगावयास नको. इस्पितळात कित्येक तास शस्त्रक्रिया चालली आणि प्राण वाचले. चार दिवसांनी, रविवारी, रुग्णशय्येवरून त्यांचा क्षीण आवाज ध्वनिक्षेपकावरून चौकात ऐकू आला. त्यात त्यांनी आपल्यावर गोळी झाडणाऱ्यास क्षमा केल्याचे सांगितले. १९८३ च्या नाताळात ते तुरुंगात जाऊन त्या तरुणाला भेटलेही.

पोलंडच्या दुःखाचा पेला अद्याप भरावयाचा होता. २८ मे रोजी कार्डिनल विशिन्स्की वारले. वय ७९. १९४८ पासून ते पोलंडच्या ख्रिस्तसभेचे प्रमुख होते. राजवटीपुढे मान न तुकविल्यामुळे १९५३ ते १९५६ अशी तीन वर्षे त्यांनी स्थानबद्धतेत काढली होती. मृत्यूपूर्वी तीन दिवस, वॉर्सातील आजारी गुरूने आणि रोममधील जखमी शिष्याने दूरध्वनीवरून एकमेकांचा निरोप घेतला. परमगुरुस्वामी इस्पितळात असल्याने अंत्यविधीस जाऊ शकले नाहीत. ज्या दिवशी कार्डिनलांनी देह ठेवला, तो त्या वर्षीचा प्रभूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार होता. त्यांना २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ख्रिस्तसभेने ‘धन्य’ म्हणून घोषित केले. वर्तमानपत्रांच्या रकान्यात मावणारा असा हा थोर मृत्यू. परंतु तेवढ्यासाठी त्यांचे नाव येथे घेतलेले नाही. आपल्या आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत हा धर्माचार्य कोणाची बाजू घेऊन बोलत होता? शेतकऱ्यांची. हे त्यांच्या मृत्युलेखातील सोन्याचे अक्षर होय.

परमगुरुस्वामींनी त्या वर्षी एक विश्वपत्र सिद्ध केले होते. तेराव्या लिओ यांनी कामगारांच्या हक्कांविषयी १५ मे १८९१ रोजी जे प्रसिद्ध पत्र काढले, त्याला नव्वद वर्षे पूर्ण होत होती. त्याच दिवशी हे नवे पत्र निघावयाचे होते. गोळीमुळे ते लांबले आणि १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पवित्र क्रुसाच्या गौरवाच्या सणी, बाहेर पडले. लिहिणारा हात श्रमाला अपरिचित नव्हता. कारोल वोयतिला या नावाचा तरुण असताना, जर्मनांच्या अंमलाखाली, ते दगडाच्या खाणीत आणि नंतर रसायनांच्या कारखान्यात मजूर म्हणून राबले होते. त्या पत्राचा गाभा आपल्या शब्दांत असा सांगता येईल : कामाची किंमत ते काम कोणते आहे यावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. यंत्र, पैसा, माल ही सारी माणसाच्या सेवेसाठी आहेत; माणसाला त्यांचे जू होऊ देता कामा नये. त्यात शेतीच्या श्रमाविषयी स्वतंत्र विवेचन आहे. शेतकऱ्याचे कष्ट मोठे, धोके अनेक, आणि समाजात मान कमी. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्याची तर पिळवणूकच होते, अशी खंत तेथे व्यक्त झाली आहे. निपाणीचे नाव त्या पत्रात नाही. परंतु निपाणीच्या शेतकऱ्याने ते वाचून घेतले असते तर ‘हे माझ्या दारावर येऊन कोणी लिहिले?’ असे त्याने विचारले असते.

मग डिसेंबर आला. १३ डिसेंबर, आगमनकाळाचा तिसरा रविवार. आपल्या उपासनेत याला आनंदाचा रविवार म्हणतात. त्या रात्री बर्फ पडलेल्या रस्त्यांवर रणगाडे आले, दूरध्वनी बंद पडले, आणि सकाळी सेनापती यारुझेल्स्की यांनी देशभर लष्करी कायदा पुकारला. वालेसासह हजारो कार्यकर्ते अटकेत गेले. कातोवित्से येथील ‘वुयेक’ या कोळशाच्या खाणीतील कामगारांनी खाण सोडण्याचे नाकारले. १६ डिसेंबरला त्यांच्यावर गोळीबार झाला, आणि त्यात नऊ खाणकामगारांचे प्राण गेले. नाताळच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा तो पहिला दिवस. एप्रिलमध्ये जी राजवट करारावर सही करीत होती, तिनेच डिसेंबरमध्ये बंदूक उचलली. आपल्या यादीतील दुसरी ओळ या नऊ जणांची.

पुढे काळाने आपली कामे केली. १९८९ च्या जूनमध्ये पोलंडमध्ये निवडणुका झाल्या आणि सॉलिडॅरिटीच्या बाजूने मतदारांनी कौल दिला. खाणीपाशी आज मोठा क्रूस उभा आहे, आणि गोळीबार करणाऱ्या पथकातील माणसांना, उशिरा का होईना, २००७ साली न्यायालयाने दोषी ठरविले. दुसरे जॉन पॉल १९८६ च्या फेब्रुवारीत भारतात आले, गोव्याला आणि पुण्यालाही त्यांचे पाय लागले. २०१४ साली ते संत म्हणून घोषित झाले. शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ रोजी पुणे येथे वारले. निपाणीच्या माळावरून आज महामार्ग पूर्वीपेक्षा रुंद होऊन धावतो आहे, आणि त्यावरून जाणाऱ्या कित्येक प्रवाशांना तेथे एके काळी चुली मांडून बसलेले गाव होते याची दादही नसते.

येथे एखादा विचारी वाचक शंका काढील. तंबाखू हे विष आहे. तिच्यामुळे तोंडाचा, घशाचा, फुफ्फुसांचा कर्करोग होतो, हे आज शाळेतील मूलही जाणते. आपल्या सरकारने २००३ साली तिच्याविरुद्ध कायदा केला; २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आहे; आणि व्हॅटिकननेही २०१८ पासून आपल्या हद्दीत सिगारेटची विक्री थांबविली. मग अशा पिकाच्या भावासाठी मेलेल्यांचे स्मरण धर्मपत्रात कशाला? शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर दिले पाहिजे. विडी ओढू नये, मुलांच्या हाती तंबाखूची पुडी पडू देऊ नये, आणि शेतकऱ्याला दुसरे किफायतशीर पीक मिळेल अशी सोय समाजाने करावी, हे खरे. परंतु ज्या काळी सरकार त्या पिकावर कर घेत होते, व्यापारी नफा घेत होते आणि आपण सारे पानतंबाखूने पाहुण्याचे स्वागत करीत होतो, त्या काळी राबणाऱ्याचाच तेवढा मोबदला ‘विषाचा’ म्हणून बुडवावा, हा कोठला न्याय? पिकाचे पाप मोजावयाचेच असेल तर ते सर्वांच्या पदरी समप्रमाणात घातले पाहिजे. आणि मनुष्याचा जीव तर कोणत्याही पिकाच्या भावाशी तोलता येत नाही.

वाचकहो, या बारा आणि नऊ जणांचे स्मरण करावयाचे ते कोणाविषयी द्वेष जागविण्यासाठी नव्हे. पोलीस शिपाईही कोणाचा तरी मुलगा असतो, व्यापारीही कोणाचा तरी बाप. स्मरण करावयाचे ते अशासाठी की, त्यांच्या मरणाने विचारलेला प्रश्न आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. संत याकोबाने आपल्या पत्रात शेते कापणाऱ्यांच्या अडविलेल्या मजुरीविषयी इशारा दिला आहे. ती मजुरी ओरडते आणि तिचा आवाज देवाच्या कानी पोहोचतो, असे तो सांगतो. हा इशारा मोठ्या जमीनदारांसाठीच आहे असे समजून आपण पान उलटतो. परंतु आपल्या घरचे काय? कापणीला आलेल्या बायकांची मजुरी त्याच संध्याकाळी चुकती होते काय, की ‘बाजारच्या दिवशी पाहू’ म्हणून त्यांना दोन खेपा घालाव्या लागतात? पुरुषाला एक दर आणि तेच काम करणाऱ्या बाईला दुसरा, असे आपल्याही रानात चालते ना? ऊसतोडीला आलेल्या टोळीची पोरे आपल्या बांधावर उघड्यावर झोपतात, तेव्हा आपल्या घरातील रिकामी पडवी आपणास आठवते काय? दारात भाजी घेऊन आलेल्या म्हातारीशी आपण चार आण्यांसाठी घासाघीस करतो आणि देवळात गेल्यावर दानपेटीत नोट टाकतो. त्या नोटेत त्या म्हातारीचे चार आणे किती, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

आपल्या धर्मग्रामांत शेतकरी आहेत, मजूर आहेत, लहानमोठे दुकानदार आहेत, आणि सरकारी खात्यांत काम करणारी मुलेही आहेत. प्रत्येकाला या वर्षयादीतून आपापला धडा घेता येईल. शेतकऱ्याने एकट्याने रडण्यापेक्षा शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावावा, परंतु हातात दगड घेऊ नये. दुकानदाराने तराजू सरळ धरावा आणि उधारीचा फास कोणाच्या गळ्यात घालू नये. कचेरीत बसणाऱ्याने दारी आलेल्या माणसाला आधी बसावयास सांगावे आणि मग त्याचा कागद पाहावा. या गोष्टी अगदी लहान वाटतात. परंतु ज्या दिवशी त्या घडत नाहीत, त्या दिवसापासूनच कोठेतरी रस्त्यावर चुली मांडण्याची तयारी सुरू होते.

या नोव्हेंबरात सायंकाळी घरची जपमाळ संपली की आपल्या मृतांची नावे घेण्याची आपली चाल आहे. आजोबा, आजी, काका, आत्या, गेल्या पावसाळ्यात गेलेला शेजारी, अशी ती नावे चालतात. त्यांच्या पाठोपाठ एक प्रार्थना निपाणीच्या त्या बारा शेतकऱ्यांसाठी आणि वुयेकच्या नऊ खाणकामगारांसाठी म्हणा. त्यांची नावे पाठ नसली तरी चालेल. ज्याच्या नोंदवहीत एकही नाव सुटत नाही, त्याला ती ठाऊक आहेत. आणि जपमाळ खुंटीला अडकविण्यापूर्वी घरच्या कर्त्या माणसाने एवढे विचारावे : आज आपल्याकडे कोणाचे काही देणे राहिले आहे काय? राहिले असेल तर ते उद्या उजाडताच नेऊन द्यावे.

सार्वकालिक विश्रांती त्यांना दे, हे प्रभो.